मबरूकाची गच्चीवरची वाट

आमच्या मबरूकाने पहिला हातोडा घातला तो माझ्याच भिंतीवर.

मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. धाडधाड आवाज आला, पोपडे उडून माझ्या ओल्या चादरीवर पडले, आणि भिंतीला पडलेल्या भोकातून एक डोळा माझ्याकडे बघायला लागला.

"सालहा, जरा बाजूला हो. वीट पडेल."

"अगं बाई, पण भिंत माझी आहे!"

"अर्धी माझी आहे. मी माझीच अर्धी पाडतेय. तुझी अर्धी तिच्याबरोबर पडली तर माझा काय दोष?"

मबरूका माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींचे नवरे सख्खे भाऊ, त्यातले थोरले लवकर वारले आणि ती दोन मुली घेऊन शेजारच्या घरात राहिली. तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. मी चादरी गोळा केल्या आणि खाली जाऊन नवऱ्याला सांगितलं. बशीर धावत जिन्यापर्यंत आला. जिन्यापुढे पाऊल टाकायची त्याची हिंमत नव्हती, कारण गच्ची बायकांची. तिथूनच ओरडला, "वहिनी, अहो घर कोसळेल!"

"भावजी, कोसळलं तर तुम्ही खाली असाल, आम्ही वर. तुमची काळजी तुम्ही करा!"

आता मला सांगा, अशा बाईला काय म्हणायचं? मी तेव्हा वेडी म्हणाले. पण तिला वेड कशाने लागलं होतं ते मला ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी तिच्या थोरल्या लेकीचं, सुआदचं लग्न झालं होतं.

सरकारने आम्हाला वाळवंटातल्या जुन्या घदामेस गावातून उचलून या नव्या वस्तीत आणलं तेव्हा कोण आनंद झाला होता! बटण दाबलं की दिवा. तोटी फिरवली की पाणी. पोरं तर आठवडाभर नुसती दिवे लावत आणि विझवत होती. मीही काही कमी खूश नव्हते, खोटं कशाला बोलू? जुन्या घराच्या जिन्याने माझे गुडघे खाल्ले होते. पण पहिल्या संध्याकाळी नव्या गच्चीवर गेले आणि चारी बाजूंनी भिंत! माणसाच्या डोक्याच्या वर. वर आभाळ, मधे पाण्याची टाकी आणि टाकीशेजारी मी. इंजिनिअर म्हणे बायकांच्या पडद्याची सोय केली. अरे बाबा, पडदा कोणापासून? गच्चीवर पुरुष येतोच कुठे?

जुन्या गावात खालचे छपराखालचे अंधारे बोळ पुरुषांचे आणि वरचं सगळं गाव आमचं. चूल वरच. एका गच्चीवरून दुसरीवर, दोन पायऱ्या चढायच्या, तीन उतरायच्या, की पार मोहल्ल्याच्या टोकाला. कोणाची विचारपूस, कोणाचं बाळंतपण, कोणाची सोयरीक, सगळं वरच्या वर. भांडणंसुद्धा कशी ऐसपैस व्हायची! इथे शेजारणीकडून चिमूटभर जिरं आणायचं तर जिना उतरा, अंगभर चादर गुंडाळा, घरातल्या पुरुषाला विचारा, रस्त्यावरून जा, घंटी दाबा आणि तिचा नवरा दार उघडेल तेव्हा खाली बघत उभ्या राहा. मी महिनाभरात जिऱ्याशिवाय स्वयंपाक करायला शिकले.

आणि मग सुआदचं लग्न. आमच्या घराण्यातली नवरी सासरी जाते ती गच्चीवरून. माझी आजी तशी गेली, मी तशी आले. वाटेतल्या प्रत्येक गच्चीवर त्या घरची बाई उभी असते, नवरीच्या तोंडात खजूर घालते आणि कानात एक गोष्ट सांगते. काय सांगते ते नवरीने कोणाला सांगायचं नसतं. सासरी पोचेपर्यंत नवरीचं पोट खजुरांनी भरलेलं आणि डोकं सल्ल्यांनी. सुआद मात्र गाडीतून गेली. मी खिडकीच्या गजाआड खजुरांची वाटी घेऊन उभी होते. भों भों करत एक गाडी आली, मागून आणखी गाड्या आल्या, धूळ उडाली आणि संपलं. पोरगी कुठल्या गाडीत होती तेही मला दिसलं नाही. वाटी तशीच माझ्या हातात राहिली. शेजारच्या खिडकीत मबरूका उभी होती. ती रडली नाही. नुसती वर गच्चीच्या भिंतीकडे बघत राहिली. मला वाटतं, हातोडा तिला तेव्हाच दिसला असावा.

तर माझ्या भिंतीत दार झालं. मिलूद वेल्डरने त्याला लोखंडी चौकट आणि झडप खालीच करून दिली, वर नेऊन बसवली आम्ही. कडी मात्र मबरूकाने लावू दिली नाही. "कडी लावायची तर भिंत काय वाईट होती?" म्हणाली. पहिल्याच संध्याकाळी ती त्या दारातून आली, माझ्या रश्श्याची चव घेतली आणि म्हणाली, "यात जिरं नाही." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

मग तो रोगच पसरला. माझ्या पलीकडची बाई नवऱ्याशी आठवडाभर अबोला धरून बसली आणि दार मिळवलं. तिच्या पलीकडचीने विचारलंच नाही, नवरा शेतावर गेला आणि ती सुरू झाली. कोणी शेजारणीशी भांडण होतं म्हणून नको म्हणाली, तर मबरूका तिला म्हणाली, "मग तर दार हवंच. समोरासमोर भांडायला नको का?" मबरूकाची धाकटी लेक वफा तेव्हा त्रिपोलीला बांधकामाचे नकाशे शिकत होती. सुट्टीत यायची आणि प्रत्येक घरी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून काका-मामांना समजावायची, "या भिंतीवर काही भार नाही. ही नुसती आडोशाची आहे. दार काढलं तर घराला खरचटणारही नाही." मुलगी शिकलेली, म्हणून ऐकायचे. खजुरीच्या बागेपासून मशिदीपर्यंत आमची सगळी ओळ वरून एक झाली. उन्हात सिमेंट भाजून काढायचं, पण ऊन कललं की चटया पडायच्या आणि गाव पुन्हा गाव वाटायचं.

पण ही सगळी तयारी कशासाठी होती ते मबरूकाला पक्कं ठाऊक होतं. घरात लग्नाची एकच लेक उरली होती. वफा गच्चीवरून गेली तर ठीक, तीही गाडीतून गेली तर पुढे ही चाल कोणाला आठवणारही नाही.

आणि वफाची सोयरीक कुठे जमावी? रस्त्यापलीकडच्या ओळीत, हज करून आलेल्या हाजा तुर्कियाच्या मुलाशी, नूरीशी. वफा आनंदात आईला सांगायला गेली. आईने आधी लेकीचा मुका घेतला आणि मग कपाळाला हात लावला.

"मधे रस्ता आहे," मबरूका म्हणाली.

"आई, हल्ली सगळ्याच गाडीतून जातात गं. ट्रक जातो त्या रस्त्यावरून. मी काय उडून जाऊ?"

"मग तू शिकलीस कशाला?"

वफा उठून निघून गेली. रागावली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पोरगी जेवणाच्या ताटाशेजारी कागद पसरून पूल काढत बसलेली. मबरूकाची गच्ची ओळीत मशिदीकडून शेवटची, तिथून थेट तुर्कियाच्या गच्चीपर्यंत. लोखंडाचा, दोन्हीकडे कठडा, ट्रक खालून आरामात जाईल एवढा उंच. मला बघून म्हणाली, "काकू, हसू नका. आईने मला भरीला घातलंय."

आता राहिली तुर्किया. या बाईला सगळ्या नव्याचं कौतुक. घराला दर्शनी बाजूला मोठी बैठक काढलेली, दोन एसी आणि दारात नूरीची पांढरी शुभ्र गाडी. गाडीला ऊन लागू नये म्हणून जुन्या घराचे खजुराचे वासे आणून त्यांचा मांडव घातलेला. आम्ही दोघी बोलणी करायला गेलो तर नाक मुरडून म्हणाली, "माझा नूरी फुलं लावून गाडी आणणार आहे. आम्ही काय माकडं आहोत गच्चीवरून उड्या मारायला?"

मी उठायच्या तयारीत होते. मबरूका मात्र चहाचा पेला खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "हाजा, तुझ्या घरी न विचारता कोणी शेवटचं कधी आलं होतं?"

तुर्किया चहा ओतत होती. पेला भरला, तबकात सांडायला लागला तरी ती ओततच होती. तिच्या बाजूच्या ओळीत एकाही भिंतीला दार नव्हतं. नवरा गेलेला, मुलगा कामावर. दिवसभर ती आणि ते दोन एसी. शेवटी किटली ठेवून म्हणाली, "पुलाला हिरवा रंग द्या. गंजकं लोखंड माझ्या दारात चालणार नाही."

दोन्ही गच्च्यांची रस्त्याकडची उंच भिंत आम्ही बायकांनी कमरेपर्यंत उतरवली आणि पुलापुरती वाट मोकळी केली. माप घ्यायला मिलूद आणि बशीर गेले. आणि इथेच आमच्या लोकांनी आमच्याच लोकांना शोभेल अशी माती खाल्ली. माप घ्यायला गच्चीवर चढायला हवं होतं. पण बायकांच्या गच्चीवर कसं जायचं? आम्ही म्हटलं, आम्ही खाली जातो, तुम्ही वर जा. मिलूद कानाला हात लावून म्हणाला, "मी विहिरीत उडी मारीन, पण वर जाणार नाही." मग दोघांनी रस्त्यावर उभं राहून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप धरली, आकडा घेतला, वर एकमेकांची पाठही थोपटली. वफा मेंदीच्या आठवड्यात घरात बसलेली, तिला बाहेर पडता येत नव्हतं. आणि आम्ही बायका? रोज समोरची गच्ची बघत होतो, पण टेप पुरुषांच्या हातात गेली म्हणजे काम झालं असं आम्हीही धरून चाललो. तुर्कियाची ती बैठक पुढे रस्त्यावर आलेली, एकमजली. गच्ची तिच्या मागे, चांगली पाच-सहा हात आत. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या आदल्या सकाळी क्रेन आली. सगळ्या ओळीच्या बायका चादरीआडून बघत होत्या. हिरवा पूल दोरांवर डुलत वर चढला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्या बाजूचं टोक कसं अलगद बसलं! दुसरं टोक पुढे गेलं, गेलं आणि बैठकीच्या छताच्या वर येऊन थांबलं. खाली काही नाही. पुढे काही नाही.

"बसला का?" खालून मिलूद ओरडला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. शेवटी मबरूका म्हणाली, "बसला. हवेत बसला."

मिलूदने मान वर न करता डोकं धरलं. नवं लोखंड आणायचं तर दूरच्या शहरातून, म्हणजे लग्न होऊन जाईल. पूल परत रस्त्यावर उतरवला. समोरच्या गच्चीवरून तुर्किया म्हणाली, "अल्लाची मर्जी. गाडी आहेच की." ती काही वाईट मनाने म्हणाली नाही, तिचाही चेहरा उतरला होता. पण मबरूका मटकन खाली बसली. सुआदच्या वेळी जी रडली नव्हती ती बाई तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. मला काय करावं सुचेना. तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसती "असं नको गं, असं नको" म्हणत राहिले.

तेवढ्यात वफा वर आली. दोन्ही हात मेंदीने माखलेले, फडक्यात गुंडाळलेले. आईकडे बघितलं नाही, सरळ कडेला जाऊन समोर डोळे लावून उभी राहिली.

"काकू, बैठकीची ती पुढची भिंत भक्कम आहे. बरोबर तिच्यावर खांब बांधला तर पुलाचं टोक त्याच्यावर बसेल. खांबापासून गच्चीपर्यंत वासे टाकायचे." मग तिचा आवाज पडला. "पण सिमेंट उद्यापर्यंत धरणार नाही."

मबरूकाने नाक पुसलं. "जिप्सम?"

वफा गर्रकन वळली. "जिप्सम धरेल! आई, जिप्सम धरेल! खांब पायाशी रुंद करा. पाया भिंत सोडून छतावर जाऊ देऊ नका."

जुन्या घरांची उन्हाळी डागडुजी करायला लगेच घट्ट होणाऱ्या भाजलेल्या जिप्समची पोती आमच्याकडे कुठे ना कुठे पडलेली असतातच. आमच्या ओळीतल्या दारादारांतून निरोप गेला आणि त्याच दारांतून पोती, ब्लॉक, बादल्या यायला लागल्या. हातोहात, गच्चीगच्चीवरून, थेट आमच्या जिन्यापर्यंत. राहिला रस्ता. तो ओलांडायचा तर दिवसाढवळ्या डोक्यावर पोती घेऊन पुरुषांमधून जायचं. माझा बशीर, ज्याला मी आयुष्यभर मऊ म्हणत आले, तो रस्त्याच्या मधोमध जाऊन गरजला, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा! माझ्या पुतणीचं लग्न आहे!" आणि काय सांगू, सगळे वळले. मिलूद वळला, क्रेनवाला वळला, पाव घेऊन चाललेला म्हातारा पाव छातीशी धरून वळला. आम्ही बायका मधून गेलो. माझ्या डोक्यावर पोतं होतं आणि मला एवढी ताठ चालल्याचं आठवत नाही.

खांब उभा करायला लागलो तेव्हा वासे कुठून आणायचे हा प्रश्न आला. बागेतून खोड तोडून आणायचं तर ते ओलं, वाकणारं. सगळ्याजणी इकडेतिकडे बघत होत्या आणि एकेकीची नजर खाली जाऊन थांबत होती. खाली पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यावर तो मांडव. वाळलेले, जुने, दोन पिढ्यांचा धूर प्यायलेले खजुराचे वासे. तुर्किया सगळ्यांच्या तोंडाकडे बघून खाली बघायला लागली.

"माझ्या सासूच्या गच्चीचे आहेत ते," ती हळूच म्हणाली. "मी त्यांच्यावरूनच चालत आले होते." आणि मग कठड्यावरून वाकून असा आवाज काढला की बागेपर्यंत गेला असेल. "नूरी! गाडी बाहेर काढ! मांडव पाड!"

"आई, उन्हात रंग जाईल!"

"जाऊ दे! बायको येतेय का नाही तुझी?"

जिप्समचं काम म्हणजे धांदल. थोडंच कालवायचं, लगेच लावायचं, बोललात की घट्ट झालंच. हातात गरम लागतं. मबरूका लावत होती, मी कालवत होते, तुर्किया ब्लॉक देत होती आणि समोरच्या गच्चीवरून वफा गुंडाळलेले हात हलवत ओरडत होती, "डावीकडे! आई, ओळंबा बघ! काकू, पाणी फार झालं!" क्रेनवाला निघायचं म्हणत होता, तर बशीरने त्याला इतकं जवाच्या पिठाचं बझीन आणि मटण वाढलं की त्याला उठवेना. ऊन कललं, क्रेनवाला ढेकर देत उठला आणि पूल पुन्हा वर चढला. या वेळी खालून कोणी काही विचारलं नाही. टोक खांबावर टेकलं. जराही हललं नाही.

आधी कोण चालणार? मबरूका पुढे झाली, तशी तुर्कियाने तिचा दंड धरला. "थांब. सगळ्यात जड मी आहे. मी पेलले तर नवरी पेललीच." आणि ती बाई वाश्यांवरून, मग हिरव्या लोखंडावरून, एकेक पाऊल टाकत, देवाचं नाव घेत पलीकडे आमच्या गच्चीवर आली. आल्या आल्या म्हणाली, "सालहा, काही खायला आहे का गं? मी न विचारता आलेय." असं हसलो आम्ही, असं हसलो की खालचे पुरुष घाबरले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर वफा निघाली. खजुरीच्या बागेकडच्या पहिल्या गच्चीपासून सुरू केलं, म्हणजे कोणाची गच्ची चुकायला नको. प्रत्येक दारात बाई उभी, प्रत्येकीच्या हातात खजूर. ललकाऱ्यांनी कान बधिर झाले. माझ्या गच्चीवर आली तेव्हा मी तिच्या तोंडात खजूर घातला आणि कानात सांगायचं ते सांगितलं. ते मी इथे सांगणार नाही. खाली नूरीची फुलं लावलेली गाडी रिकामीच भों भों करत होती आणि सगळे पुरुष माना खाली घालून उभे होते. पुलाच्या मधोमध मबरूका थांबली आणि खाली ओरडली, "भावजी, वर बघू नका! आज रस्ता आमचा आहे!"

"नाही बघत, वहिनी!" बशीर म्हणाला.

पलीकडे तुर्कियाने सुनेला दोन्ही हातांनी वाश्यांवरून उतरवून घेतलं. सगळं नीट झालं. मागे वळले तर माझ्या गच्चीच्या दारात सुआद उभी. सासरहून आलेली, कडेवर लेकरू, डोळे पुलाकडे लागलेले. बहिणीचं बघून ती हसत होती, पण हनुवटी थरथरत होती.

मबरूकानेही बघितलं. ती पुलावरून परत आली, सुआदच्या कडेवरचं लेकरू स्वतःकडे घेतलं आणि म्हणाली, "चल."

"मी? आई, माझं लग्न कधीच झालं!"

"लग्न झालं. जायचं राहिलं."

आणि घेऊन गेली तिला, पार बागेकडच्या पहिल्या गच्चीवर. बायका उभ्याच होत्या. एकीनेही काही विचारलं नाही, सगळ्यांनी पुन्हा खजूर हातात घेतले. मी धावत खाली गेले आणि तीच वाटी शोधून आणली, खिडकीत माझ्या हातात राहिलेली. सुआद माझ्या दारात पोचली तेव्हा तिचं तोंड खजुरांनी भरलेलं होतं आणि गाल ओले. मी म्हटलं, "उघड तोंड. हा तुझा, माझ्याकडे राहिला होता."